दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला काय उत्तर द्यायचं?

मागे एक काकू तपासायला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय पासष्टच्या पुढे, गुडघेदुखी जुनी, मधुमेह दहा वर्षांपासून, पण साखर नेहमी आटोक्यात असायची. या वेळी जेवणानंतरची साखर तीनशेच्या वर गेली होती. चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसत होता, हातावर ठिकठिकाणी निळसर डाग होते.

"खाण्यात काही बदल?" नाही. "नवीन औषध?" नाही. सून फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा काकूंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

दोन महिन्यांपूर्वी, दुपारी घरात कोणी नसताना, दोन तरुण दाराशी आले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात साखर तपासायचं मशीन. "मावशी, ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत तपासणी चालू आहे." तपासणी झाली, मग गुडघ्यांची चौकशी झाली, मग चार हजार रुपयांचा "जडीबुटीचा कोर्स" झाला. तिसऱ्या दिवसापासून गुडघे दुखायचे थांबले, म्हणून दुसरा कोर्सही घेतला.

"मुलाला सांगू नका हो डॉक्टर, फार रागावेल," त्या म्हणाल्या.

पैसे गेले याचं मला फारसं काही वाटलं नाही. त्या पुड्यांनी शरीरात काय केलं आणि लाजेपोटी ते दोन महिने कोणालाच कळलं नाही, याची मला जास्त काळजी वाटली. आजचा लेख त्यासाठी आहे.

पुडीत काय असतं?

काकूंच्या पुड्या मी प्रयोगशाळेत तपासून घेतलेल्या नाहीत. पण लक्षणांचं चित्र स्टेरॉइडचं होतं. नाव-गाव नसलेल्या, "जादूसारखा गुण देणाऱ्या" सांधेदुखीच्या औषधांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं आढळणं आम्हा डॉक्टरांना नवीन नाही.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. दम्यात आणि काही प्रकारच्या संधिवातात ते जीव वाचवतं, पण मोजून आणि लक्ष ठेवून द्यावं लागतं. नकळत, रोज, किती आहे हे माहीत नसताना ते पोटात गेलं की दोन-तीन दिवसांत दुखणं थांबतं, भूक वाढते, उत्साह वाटतो. मग साखर आणि रक्तदाब वाढतो, चेहऱ्यावर सूज येते, त्वचा पातळ होते, हाडं ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोगही डोकं वर काढू शकतो.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. असं औषध काही आठवडे घेतलं असेल तर ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. अचानक बंद केलं तर कमालीचा अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब खाली जाणं असे गंभीर प्रकार होऊ शकतात. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पुडी फेकू नका आणि लपवू तर मुळीच नका.

"माझ्यावर भूल टाकली हो!"

फसलेली माणसं हमखास सांगतात, "त्यांनी काहीतरी हुंगवलं, माझं भान गेलं, मी स्वतःच्या हाताने सगळं काढून दिलं." कोणी पावडर म्हणतं, कोणी स्प्रे, कोणी संमोहन.

डॉक्टर म्हणून सांगतो: हवेत फवारलं किंवा कागदावरून क्षणभर हुंगलं की माणूस आज्ञाधारक होतो, असं कोणतंही औषध मला माहीत नाही. ऑपरेशनच्या वेळी वासाची भूल द्यायची तर चेहऱ्यावर मास्क घट्ट बसवावा लागतो, मात्रा मोजावी लागते, तज्ज्ञ शेजारी बसून राहतो. सिनेमातला रुमालावरचा क्लोरोफॉर्मही एका सेकंदात काम करत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. शिवाय उघड्या दारात फवारा मारणारा स्वतः त्यातून कसा वाचेल? आणि खरोखर गुंगी आलेला माणूस कपाटाची बरोबर किल्ली शोधून, आतला डबा काढून, पैसे मोजून देऊ शकत नाही.

मग त्या क्षणी काय होतं? लक्ष भरकटवलं जातं. आधी नातं जोडतात: मावशी, ताई, आजी. मग एखादी छोटी गोष्ट मागतात, पाणी किंवा एखादी सही. एकदा "हो" म्हटलं की पुढचं "नाही" जड जातं. मग एकाच वेळी तीन कामं सांगतात: हे वाचा, ते धरा, घरातून आधार कार्ड आणा. मग घाई करतात, "योजना आजच संपतेय." किंवा भीती घालतात, "तुमच्या नसा ब्लॉक झाल्यात." जोडीदार दुजोरा देतो, "शेजारच्या काकूंनी पण घेतलं." अशा वेळी कोणाचाही मेंदू विचार करायचं सोडून समोरचा सांगेल तसं करू लागतो. ऐकायला कमी येत असेल, झोप झाली नसेल, घरी एकटेपणा असेल, तर आणखी लवकर.

हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. "भुरळ घातली" असं मानलं तर आपल्या हातात काहीच उरत नाही. घाईनेच घात केला हे कळलं, तर घाई नाकारता येते.

एक अपवाद मात्र खरा आहे. चहा, सरबत, बिस्किट, प्रसाद यांतून झोपेचं औषध देऊन लुटण्याचे प्रकार होतात. अनोळखी माणसाने दिलेलं काही तोंडात घालू नका. घरातला कोणी अचानक गाढ गुंगीत सापडला तर तोंडात पाणी, लिंबू, कांद्याचा रस असं काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून झोपवा, १०८ ला फोन करा आणि उरलेला खाद्यपदार्थ सोबत न्या.

पाण्याचा "प्रयोग"

आरोग्याच्या नावाने दारात होणारा दुसरा खेळ पाण्याचा. दोन ग्लास ठेवतात, एकात तुमच्या नळाचं पाणी, एकात त्यांच्या मशीनचं. धातूच्या कांड्या बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-हिरवट गाळाने भरतं. "बघा ताई, हे तुमची मुलं पितात!"

तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. तो त्या कांडीच्या लोखंडाचा गंज असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते आणि कांडी झिजून तिचा गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. पुढच्या वेळी त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. ते पाणीही तसंच घाण होईल.

टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. कावीळ, टायफॉइड, जुलाब करणारे जंतू त्याला दिसत नाहीत. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असलेलं पाणी या बाबतीत पिण्यायोग्य आहे. तुमच्या भागात फिल्टरची गरज असेलही, पण ते पाणी तपासून ठरवा, दारातल्या ग्लासावरून नको.

मग दार उघडायचंच नाही का?

"सरळ दार बंद ठेवायचं, कोणालाच उभं करायचं नाही," असं बरेच जण म्हणतात. याला माझा विरोध आहे, कारण आपल्याकडे आरोग्यसेवा स्वतः दाराशी येते.

देशात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. बूथवर न आलेल्या बाळांना शोधत कर्मचारी घरोघरी फिरले, डोस दिलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लावत राहिले. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या दारोदार फिरण्याचा मोठा वाटा आहे. आजही आशाताई गरोदर बाई आणि नवजात बाळ पाहायला घरी येतात. क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत खोकला आणि त्वचेवरचे चट्टे विचारायला घरी येतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं टाकी, कुंडी, फ्रीजमागचा ट्रे बघायला येतात, कारण डेंग्यूचा डास तिथल्या साठलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. त्यांना दारातून परत पाठवलं तर नुकसान आपलं आणि शेजाऱ्यांचंही होतं.

यात एक गोंधळही आहे. गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या मोहिमेत कर्मचारी घरी येऊन गोळ्या देतात आणि "आमच्या समोरच घ्या" म्हणतात. अनोळखी माणूस समोर गोळी गिळायला सांगतो, हे ऐकायला किती संशयास्पद वाटतं! पण ती मोहीम खरी आहे आणि समोर गोळी घेण्याचा नियमही खरा आहे. (गरोदर बाई, दोन वर्षांखालील मूल आणि गंभीर आजारी माणूस यांना त्या गोळ्या देत नाहीत. त्या उपाशीपोटीही घेऊ नयेत.)

उलट, सगळं खरं वाटावं असं दिसतं आणि ते खोटं निघतं, असंही होतं. मे २०२१ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या एका मोठ्या गृहसंकुलात कोविड लसीकरणाचं शिबिर झालं. सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे भरून लस घेतली. नंतर कोणालाच ताप-अंगदुखी नाही आणि प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाची, असं दिसल्यावर शंका आली. तपासात ते शिबिरच बनावट निघालं. तिथे राहणारी माणसं अडाणी नव्हती. सोसायटीने बोलावलं म्हणजे कोणीतरी खात्री केलीच असेल, असं प्रत्येकाने धरून चालावं, हे अगदी स्वाभाविक होतं.

संशय माणसावर नको

दिसण्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे यातून कळतं. ओळखपत्र दोनशे रुपयांत छापून मिळतं. इस्त्रीचा शर्ट आणि गोड भाषा ही फसवणाऱ्याची भांडवलं आहेत. फाटक्या कपड्यांतला, वेगळी बोली बोलणारा माणूस मात्र आपल्याला लगेच "संशयित" वाटतो.

या संशयाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेतून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेचे बळी ठरले. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो टाकून "सावधान, टोळी फिरतेय" असं लिहू नका आणि तसा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. शंका असेल तर पोलिसांना कळवा.

माझं मत असं आहे: माणूस कोण आहे हे दारात ठरवायला जाऊ नका, ते आपल्याला जमणार नाही. तो काय मागतोय ते बघा. माहिती देतो, बाळाचं वजन विचारतो, टाकी बघतो, खोकला आहे का विचारतो, इथवर हरकत नाही. पैसे, दागिने, ओटीपी, आधार कार्ड, कोऱ्या कागदावर सही किंवा "आत्ताच ठरवा" यांपैकी काहीही मागितलं की बोलणं तिथेच थांबवायचं. समोर खरा कर्मचारी असला तरीही. सरकारी मोहिमेतली औषधं फुकट असतात आणि खऱ्या कर्मचाऱ्याला तुम्ही थांबवलं तर तो थांबतो. "केंद्रात फोन करून विचारते" म्हटल्यावर जो चिडतो किंवा घाई करतो, त्याने स्वतःची ओळख स्वतःच दिलेली असते.

एक वाक्य पाठ करून ठेवा

"आमच्या घरी दारात काही ठरवत नाहीत. कागद द्या, घरात विचारून कळवते."

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने, शाळकरी मुलांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीही पाठ करावं. ऐनवेळी सुचत नाही, म्हणून आधी म्हणून बघावं. यात कोणाचा अपमान नाही, त्यामुळे भिडस्त माणसालाही ते म्हणता येतं. याच्या जोडीला एवढं करा:

- बोलणं जाळीच्या दारातून किंवा साखळी लावून करा. एकटे असाल तर तसं सांगू नका. "हे झोपलेत, नंतर या" म्हणायला हरकत नाही.
- कोणी पाणी मागितलं तर जरूर द्या, ती आपली रीत आहे. पण आत जाताना दाराला कडी लावून जा.
- आरोग्य कर्मचारी असल्याचं सांगितलं तर कोणत्या केंद्रातून आलात ते विचारा. तुमच्या भागातल्या आशाताईंचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर आजच दाराजवळ लिहून ठेवा. कर्मचाऱ्याने स्वतः दिलेल्या नंबरवर खात्री करू नका.
- दारात विकायला आलेलं औषध घेऊ नका, आयुर्वेदिक म्हणून सांगितलं तरी. खऱ्या औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. मधुमेह, रक्तदाब किंवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. "साखर मुळापासून घालवतो" म्हणणारा तिथेच कायदा मोडत असतो.
- दारातल्या तपासणीवरून चालू गोळ्या बंद करू नका, नवीन सुरूही करू नका. शंका आली तर तोच आकडा दवाखान्यात पुन्हा तपासून घ्या.
- कोणी जबरदस्तीने आत आलंच तर झटापट करू नका. वस्तू जाऊ द्या, हाडं आणि हृदय सांभाळा. संधी मिळताच ११२ ला फोन करा.

फसवणूक झालीच तर

हा भाग मुलांसाठी आणि सुनांसाठी आहे. आईने, सासऱ्यांनी "मी फसले" असं सांगितलं तर पहिलं वाक्य "तुम्हाला अक्कल नाही का?" असं नसावं. तुम्ही एकदा ओरडलात की पुढची गोष्ट तुम्हाला कळणार नाही. आमच्या काकूंनी पुड्या लपवल्या त्या याच भीतीने. "बरं झालं सांगितलंत" म्हणा आणि मग विचारा, काही खाल्लं-प्यायलं का, कुठलं औषध घेतलं का, कुठली गोळी बंद केली का.

अशा प्रसंगानंतर छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर "घाबरल्यामुळे असेल" म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढा. महिनाभरानंतरही झोप लागत नसेल, बेल वाजली की धडधडत असेल, तर तोही उपचाराचा विषय आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ज्येष्ठांना इतर मदत हवी असेल तर १४५६७. आणि पूर्वी व्यवहारात चोख असलेली व्यक्ती अलीकडे वारंवार फसत असेल, पैशांचा हिशोब चुकत असेल, तर एकदा स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात कधी कधी इथेच दिसते.

काकूंची साखर आता पुन्हा आटोक्यात आहे. औषध हळूहळू कमी करत बंद केलं. गुडघे दुखतात, पण व्यायामाने आणि वजन थोडं उतरल्याने पूर्वीपेक्षा कमी. मुलाला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "आई, तू मला फोन का नाही केलास?" काकू म्हणाल्या, "तू दुपारी कामात असतोस ना."

आज घरी गेल्यावर आई-वडिलांना एवढंच सांगा: दारात कोणीही आलं आणि काही ठरवायची वेळ आली, तर आधी मला फोन करा. मी कामात असलो तरी उचलेन. आणि मग तो खरंच उचला.